परीच्या आईला कुणी भाषा विचारलीच नाही

चेन्नईतल्या मराठी मंडळींनो, आज डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

मी इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. दुपारी खालच्या मजल्यावरच्या मुलांच्या वॉर्डातून फोन आला, एका आईशी मराठीत बोलायचं होतं.

सुनीता नांदेडकडची, नवरा इथे मेट्रोच्या कामावर. तिची दीड वर्षाची परी तीव्र कुपोषित, पाय सुजलेले, अंगात ताप. तिला पोटॅशियम, मॅग्नेशियम, झिंक घातलेलं दूध चालू आहे. लोह मात्र सुरुवातीला देत नाहीत, कारण त्यानं जंतुसंसर्ग बळावू शकतो. आणि आज नर्सला उशीखाली लोहाच्या टॉनिकची बाटली सापडली.

"पोरीच्या अंगात रक्तच नाही ताई," सुनीता म्हणाली. "हे नुसतं दूध पाजतात. म्हणून मीच चमचा चमचा देत होते."

"देऊ नका म्हणून सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं असंल. मला तमिळ कुठं येतंय? मी आपली सरी, सरी म्हणत होते."

सरी म्हणजे बरं. नर्सना वाटलं, हिला समजलं.

डॉक्टर सांगत गेले, मी मराठीत सांगत गेले. लोह मिळणार आहे, पण परी सावरून वजन वाढायला लागल्यावर. सुनीताला दहा मिनिटांत पटलं. मग ती रडली.

संध्याकाळी परीनं दूध पूर्ण घेतलं. ताप अजून आहे.

परी भरती झाल्यापासून तीन दिवस मी एक मजला वर बसले होते. भरतीच्या कागदावर वय, वजन, पत्ता सगळं आहे, भाषेचा रकानाच नाही. तुमच्याकडच्या हॉस्पिटलांत विचारतात का हो?