आक्काच्या हौदावरची मोजणी

भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणारा माणूस मी. एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं इंजिनं खोलली. आवाज आला म्हणजे कुठंतरी काहीतरी ढिलं झालंय, एवढंच मला माहीत. बायको होती तेव्हा असले अनुभव मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मी म्हणायचो, "पान उलट." आज मीच लिहायला बसलोय... असो.

गेल्या वर्षी लातुरात जिन्यावरून घसरलो आणि खुबा मोडला. ऑपरेशन करून नवा बसवला. डॉक्टरांनी बजावलं — पुन्हा पडलात तर चालाल याची खात्री नाही. माझी झोपच उडाली. घरात मी एकटा, पोरगी हैदराबादला. चालता आलं नाही तर तिच्या फ्लॅटात कोपऱ्यात पडून राहायचं... ते मला मरणाहून जड.

जखम पूर्ण भरल्यावर फिजिओथेरपीवाली पोरगी म्हणाली, "काका, आता पाण्यात व्यायाम करा. पाणी वजन उचलतं, सांध्यावर भार येत नाही." मी म्हणलं, "बाई, तू लातूरकराला सांगायलीस. आमच्याकडं नळ कधी येतो ते तरी विचार." ती हसली नाही. बाहेरगावची असावी.

तेव्हा आठवला आक्काचा हौद. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. अर्धापूरजवळ केळीच्या मळ्यात राहते. हौद दाजींनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेला — चार फूट पाणी, आत उतरायला पायऱ्या. दाजींना जाऊन सहा वर्षं झाली. फोन केला तर आक्का म्हणाली, "विचारायलास काय? ये की. हौद घासून ठेवते."

फिजिओवाल्या पोरीनं कागदावर लिहून दिलं होतं. पाणी छातीइतकंच. एकट्यानं उतरायचं नाही, कधीच नाही. पायात न घसरणारी रबरी चप्पल. हातानं काहीतरी पक्कं धरायचं, कंबर सरळ, पाऊल समोर, आणि पाय सावकाश बाजूला न्यायचा, परत आणायचा. मग तसाच मागं. दुसऱ्या पायावरून ओलांडायचा नाही. दहा-दहा वेळा. दुखलं की थांबायचं, मर्दुमकी नको.

सगळं पाळलं, पण धरायला काठाला बार नव्हता. म्हणून मी मोटारीचा पाइपच धरायचो — बोअरचं पाणी हौदात सोडणारा, चार इंची. त्या आठवड्यात शेतीची लाईट रातपाळीची होती. दिवसा मोटार चालायचा प्रश्नच नाही, म्हणून आम्ही बिनघोर. स्टार्टरचं ऑटो मात्र आक्कानं चालूच ठेवलेलं. आमच्याकडं सगळेच ठेवतात. रात्री लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी, अंधारात विंचू-काट्याचं कुणी उठायचं? जन्म वर्कशॉपात गेला, तरी माझ्याही डोक्यात आलं नाही.

रोज दुपारी तीनला, पाणी उन्हानं कोमट झालं की उतरायचो. आक्का काठावर बसून मोजायची. मोजता मोजता जुन्या गोष्टी निघायच्या आणि आकडा चुकायचा. जास्त करून दाजींच्याच. सुगीत खळ्यावर ज्वारी मोजायला तेच बसायचे. पहिल्या मापाला 'एक' नाही, 'लाभ' म्हणायचे, जुनी माणसं म्हणतात तसं. लाभ, दोन, तीन... आणि मध्ये मध्ये बारीक खाकरायचे. पोतं धरायला मला बसवायचे. माझं लक्ष उडालं की म्हणायचे, "मेहुणे, पोतं धरा, गाव बघू नका." लई माया त्या माणसाची. नोकरी लागायच्या आधी दोन वर्षं मी त्यांच्या घरी जेवलो, कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही.

सहावा दिवस. मी पाण्यात उतरलो तसं आक्का म्हणाली, "पाण्याचा तांब्या घरीच राहिला. आणते. तवर सुरू करू नको बरं." मी हाव म्हणलं आणि ती वळल्याबरोबर सुरू केलं. थांबणं माझ्या रक्तातच नाही.

पाइप धरला, घराकडं पाठ, डोळे मिटलेले. पाय बाजूला नेला आणि मागून मोजणं सुरू झालं. "लाभ." पाय परत आणला. "दोन." खाकरणं. "तीन." मी वळून बघितलं नाही. ओळखीच्या आवाजाकडं आपण कुठं वळून बघतो? अंग हलकं झालेलं, केळीची पानं सळसळत होती... खोटं कशाला सांगू, लई बरं वाटत होतं. खळ्यावर बसल्यासारखं.

सातवर आवाज थांबला. मग — "बस. वर या."

"अजून तीन राहिलेत की," मी डोळे न उघडताच म्हणलं.

"मेहुणे, वर या."

मला मेहुणे म्हणणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. पाइप सोडला, काठ धरत धरत पायऱ्या चढलो. काठावर कुणी नाही. आक्का तांब्या घेऊन वाटेनं येत होती, अजून पन्नासेक पावलं लांब.

काठी हातात घेतली तोच स्टार्टर खटकन वाजला. भर दुपारी लाईट आलेली. पाइपात आधी हवा फुसफुसली, मग तो असा उसळला की काठाची वीट फुटली. मी जिथं उभा होतो तिथंच धो धो पाणी आदळायला लागलं. काठी टेकत मी मागं सरकलो. तिथंच खाली बसलो.

आक्का पळत आली. मी विचारलं, "कोण मोजायलं होतं?" मग सगळं सांगितलं. वाटलं, घाबरेल, मीठ-मिरची ओवाळेल. तिनं एवढंच विचारलं,

"खाकरले का?"

"हाव."

"सहा वर्षं झाले, मी ह्या मळ्यात एकटी निजायले," ती म्हणाली. "माझ्यासंगं एक शब्द न्हाई. अन् तुला सात मोजून दिले." आणि ती रडायला लागली.

नंतर मी चौकशी केली. शेजारच्या शेतात त्या वेळी कुणी नव्हतं. लाईटची पाळी अचानक बदललेली, आधी कुणालाच खबर नव्हती. मनाचे खेळ म्हणावेत, तर लाईट येणार हे माझ्या मनाला कसं कळलं? मला सांगता येत नाही. कुणाला येत असेल तर जरूर कळवा.

ऑटो त्याच दिवशी बंद केलं, काठाला बार बसवून घेतला. खुबा ठणठणीत आहे, मी काठीशिवाय चालतो. पाण्यात उतरायची आता गरज नाही. तरी महिन्याला आक्काचा फोन येतो, "तुझा पाय दुखत असंल. ये." दुखत नाही. पण जातो. पाण्यात उतरतो, डोळे मिटतो, पाय हलवतो. आक्का काठावर बसते, पण मोजत नाही. दोघंही गप्प राहून ऐकतो. आजवर काही ऐकू आलेलं नाही. दहा झाले असतील म्हणून मी थांबतो, तर ती हळूच म्हणते, "अजून थोडं कर रे."