जॉर्ज टाउनातला जहागीरदारांचा मुक्काम

जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्यांकडे किस्से फार साठतात. चित्र महिनोन् महिने मुक्कामाला असतं. घरची माणसं त्याला भेटायला येतात, कॉफी पितात, बोलत बसतात. चित्र घरी जातं, बोलणं आमच्याकडेच राहतं! मी मूळची सांगलीची. सहा वर्षं झाली, चेन्नईत जॉर्ज टाउनमधल्या एका कागदाच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर काम करते. माझ्याकडचे सगळ्यात चांगले किस्से एकाच पाहुण्याचे.

*

पाहुणे म्हणजे तंजावरकडचे एक जहागीरदार. पुरुषभर उंचीचं तैलचित्र. शिकारीचा वेश, खांद्यावर बंदूक, कमरेला झोळी, मागे तळं, तळ्यात बगळा. वॉर्निश इतकं काळवंडलेलं, की तळं फिल्टर कॉफीचं वाटावं!

त्यांना घेऊन आल्या त्यांच्या पणती तुळसाबाई. वय त्र्याऐंशी. सोबत नातू आदित्य, सिरुसेरीत सॉफ्टवेअरमध्ये.

"आरामात करा मॅडम, घाई नाही," आदित्य म्हणाला.

"आहे घाई," तुळसाबाई म्हणाल्या. "माझे डोळे चाललेत. मध्ये काळोख झालाच आहे, आता कडेचंही जाईल म्हणतो डॉक्टर. मज पणजोबांना एकदा नीट पाहायचंय."

आमचे मालक बालाजीराव कधी कुणाला तारीख देत नाहीत. त्यांनी हात जोडले. "दिवाळीच्या आत, अम्मा."

*

झाडलोट करणाऱ्या सेल्वीअक्कांनी दुसऱ्याच दिवशी फ्रेमला मोगऱ्याचा गजरा घातला. मोठ्या मिशा, हातात हत्यार, मागे तळं. म्हणजे गावाची वेस राखणारा अय्यनार देवच!

मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये समजावलं, "अक्का, हा देव नाही. शिकारी आहे."

अक्कांनी चित्र नीट न्याहाळलं. "मग तो बगळा अजून जिवंत कसा?"

गजरा राहिला.

*

वरची धूळ-काजळी आम्ही कापसाच्या बोळ्यानं काढतो. बोळा ओला करायला थुंकीसारखं दुसरं काही नाही. जगभर हेच करतात, पण गिऱ्हाइकाला कसं सांगणार?

तुळसाबाईंनी विचारलंच. "कशानं पुसतेस गे?"

"एक खास द्रावण असतं, आजी."

बालाजीराव मागून म्हणाले, "थुंकी."

मी खाली मान घातली. म्हटलं, आता उचलतात जहागीरदारांना!

तुळसाबाई हसल्या. "पदराला थुंकी लावून आई तोंड पुसते, तसंच की! पूस, पूस."

*

आदित्यनं मोबाइलवर चित्राचा फोटो काढून आजीसाठी एक अ‍ॅप लावलं. फोटोत काय आहे ते बोलून सांगणारं. अ‍ॅप म्हणालं, "तळ्याकाठी छत्री घेतलेला एक माणूस."

आदित्य ओशाळला. तुळसाबाई म्हणाल्या, "छत्री असती तर बरं होतं."

*

सप्टेंबरातली एक दुपार. वीज गेलेली, पंखा बंद, खालच्या हातगाड्यांचा आवाजही पेंगुळलेला. तळ्याच्या कोपऱ्यात निळा रंग उघडत होता. माझी डुलकी लागली. गालाला गार लागलं.

"सर, तळ्यावरून वारा येतोय," मी म्हणाले.

बालाजीराव खुर्चीत डोळे मिटूनच होते. "बंदरावरून येतोय तो. पण तू म्हणतेस तसं समज आणि झोप."

*

दिवाळीच्या चार दिवस आधी शेवटचं वॉर्निश निघालं, आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. काळ्या वॉर्निशमुळे वाटायची ती संध्याकाळ नव्हतीच! पाण्यावर धुकं होतं, गवतावर दव. बुटांना चिखलाचा ठिपका नाही. आणि आम्ही भरलेली समजत होतो ती झोळी, रिकामी.

फोन केल्यावर तुळसाबाई लगेच आल्या. तोवर त्यांचा उजवा डोळा गेला होता, डावा कडेनं तेवढं बघत होता. बालाजीरावांनी चित्र खिडकीशी नेलं. तुळसाबाईंनी चिमणीसारखी मान तिरकी केली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून जहागीरदारांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पहाट आहे गे ही!"

"हो, आजी."

"जन्मभर मी समजत होते, मारून घरी परत येताहेत. हे तर आत्ता निघालेत!"

त्यांनी पिशवीत हात घालून चाचपडत स्टीलचा डबा काढला. आदित्यला वाटलं, आजीला भूक लागली. तो पाणी आणायला वळला.

तुळसाबाईंनी डब्याचं झाकण उघडलं आणि डबा दोन्ही हातांनी चित्रासमोर धरला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "उपाशी जाऊ नका."