दार नसलेली कमान

सौद्यात मला हरवणारा माणूस अजून मराठवाड्यात जन्मायचा आहे; पण सौदा न करताच मला चीत करणारा एक आहे आणि दुर्दैवानं तो माझा शेजारी आहे. माझ्या जुन्या सागवानाच्या वखारीला लागून त्या सरदारजींचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. दुकान आपलं म्हणायला. सिल्लोडहून शेतकरी मोटार घेऊन आला, की हा गृहस्थ आधी त्याला चहा पाजतो, मग गोदाकाठच्या आपल्या लहानशा गुरुद्वाऱ्याचा इतिहास सांगतो आणि मोटार उघडतो ती सगळ्यात शेवटी. निजामाच्या फौजेत पूर्वज पंजाबातून कसे आले, नदीकाठी आधी कुडाची खोली कशी उभी राहिली, मग चुन्याची, कोणता पूर किती पायऱ्या चढला, सगळं. शेतकरी बिचारा "व्हय, व्हय" करत मोटारीकडं बघत बसतो. माझं गिऱ्हाईक भावावर येतंय न येतंय, तोच हे कुंपणावरून ओरडणार, "ओ सेठ, त्यांना पुराची हकीकत सांगितली का?" गिऱ्हाईक तिकडं वळलं की सौदा थंड! सोळा वर्षं मी हे सोसलं. ऐकलं मात्र एकदाही नाही. ते बोलत असताना मी मनात फळ्या मोजायचो.

आता माझी तक्रार ऐका. माझे वडील लासूर स्टेशनला हमाल होते. जन्मभर लोकांनी त्यांना "ए हमाल" एवढंच म्हटलं; नाव कोणी विचारलं नाही. वखारीत पितळी फुलांचा एक देखणा दरवाजा आला, तेव्हा मी ठरवलं, हा विकायचा नाही. चौकटीच्या वरच्या पट्टीवर वडिलांचं नाव कोरून घेतलं आणि टेम्पो करून तो सरदारजींच्या गुरुद्वाऱ्याला दिला. सरदारजींनी चक्क डोळे पुसले.

दोन महिन्यांनी कळलं, दरवाजा फाडून त्याच्या फळ्या जोडाघरात, म्हणजे लोकांच्या चपला ठेवतात तिथं, ठोकल्या. माझ्या बापाच्या दरवाजावर चपला! मी तसाच दुकानात घुसलो आणि तोंडाला येईल ते बोललो. ते शांतपणे तांब्याची तार गुंडाळत होते.

"सेठ, आमच्या कमानीला दारच नाय. एका पुरात लाकूड फुगलं, दार उघडेना, अन् गावची माणसं बाहेर पाण्यात उभी. तवापासून बुजुर्गांनी दार लावलंच नाय. पूर ओसरला की पहिलं जोडाघर नीट करतो. आलेल्याचे पाय आधी."

"मग दरवाजा घेताना तोंड शिवलं होतं का?"

"सोळा साल हेच तर सांगतोय! मला वाटलं, सेठनं अखेर ऐकलं, जोडाघरासाठीच लाकूड देताहेत. म्हणून तर डोळे भरून आले."

यावर काय बोलणार? तरी बोललो. भरपूर बोललो. आणि मग चार महिने त्यांचं तोंड पाहिलं नाही.

शेवटी निदान नावाची पट्टी तरी परत आणावी म्हणून पाना-पेचकस घेऊन एकटाच गुरुद्वाऱ्याच्या जोडाघरात गेलो. पट्टीवर चपला नव्हत्या. तिचं बाकडं केलं होतं, आणि त्यावर एक म्हातारा मेंढपाळ वहाणा सोडत बसला होता. नाव मांडीखाली येऊ नये म्हणून बिचारा अगदी कडेला टेकला होता.

"कुणाचं नाव हाय हे?" त्यानं मला विचारलं. "मला वाचता येत नाय."

मी वाचून दाखवलं.

"कोण व्हते?"

"माझे वडील. हमाल होते."

त्यानं ते नाव एकदा सावकाश उच्चारलं, मान डोलावली आणि अनवाणी आत गेला.

पेचकस मी खिशातून काढलाच नाही. सरदारजींना अजून हे सांगितलेलं नाही. कुठून सुरुवात करावी कळत नाही. आणि त्यांचं वय बघता फार दिवस थांबूनही चालणार नाही.