काठावर बसलेले कंडक्टरमामा

"पुढं सरका, पुढं लई जागा हाय."

भोर-वेल्ह्याच्या एसटीत तुम्ही कधी उभ्याने प्रवास केला असेल, तर हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कंडक्टरमामा निवृत्त झाले, पण वाक्य काही निवृत्त झालं नाही. माझ्या किराणा दुकानात गर्दी झाली की ते कोपऱ्यातून तेच ओरडायचे. पुढे जागा असायची ती फक्त माझ्या गल्ल्यावर.

धरणाच्या काठावरच्या कासवांवर आम्ही दोघं लक्ष ठेवायचो. पावसाळा सरला की माद्या काठ चढून मातीत अंडी घालतात. पिल्लं बाहेर पडतात ती पुढच्या पावसात. तोवर कुत्री, मुंगूस आणि माणसं यांच्यापासून जागा सांभाळायची. खूण करायची नाही आणि कुणाला सांगायचं नाही, हा मामांचा नियम. अंडी भाजून खाणारे कुणी परके नव्हते, आमच्याच गावचे होते.

त्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि गाळ न्यायला ट्रॅक्टर आले. आम्ही पोचलो तेव्हा खाली उतरायचा रस्ता काढायला जेसीबी काठ फोडत होता, आणि त्याचं तोंड नेमकं अंड्यांकडे होतं. अंडी हलवता येत नाहीत. उलटीपालटी झाली की आतला जीव मरतो. मी तोंड उघडायच्या आत मामा पुढे गेले. अंड्यांच्या अलीकडे टॉवेल अंथरला, मांडी घातली आणि डबा उघडला.

पहिल्या ट्रॅक्टरवरचा पोरगेला ड्रायव्हर खाली उतरला. "मामा, उठा की. रस्ता काढायचाय."

"जेवतोय."

"पलीकडं बसून जेवा."

"हितं सावली हाय."

सावली कुठेच नव्हती. मागून भोंगे सुरू झाले.

"जल्मभर आमाला सरका सरका म्हणलात," तो ओरडला, "आता तुमी सरका!"

सगळे हसले. मामा भाकरी चावत राहिले. जेसीबीचं बकेट पुढे आलं आणि त्यांच्या डोक्यावर थांबलं. आता कुणीच हसत नव्हतं.

"त्या अंगाला काढा रस्ता," शेवटी मामा म्हणाले.

"कडा ढासळंल. मशीन पलटी झालं म्हंजी?" जेसीबीवाला म्हणाला.

"म्या हाय न्हवं खाली."

खिशातून शिट्टी काढून ते उतारावर उभे राहिले आणि एसटी मागे घेतात तसं मशीन हळूहळू उतरवू लागले. निम्म्यावर एका चाकाखालची माती सुटली. मशीन त्यांच्याच बाजूला कललं. मी किंचाळले. मामांनी लांब शिट्टी मारली.

"बकेट टेकव!"

बकेट जमिनीत रुतलं. मशीन थांबलं.

रस्ता झाला, ट्रॅक्टर खाली गेले. "मेला असतात," मी म्हणाले.

"व्हय," म्हणत त्यांनी उरलेली भाकरी माझ्यापुढे केली. ती माझ्या हातात यायच्या आधीच मातीत पडली.

पावसाच्या तोंडावर मामा गेले. झोपेतच.

पाऊस लागल्यावर मी एकटीच काठावर गेले. तोच ट्रॅक्टरवाला टोपी ओंजळीत धरून उभा होता. टोपीत कासवाचं पिल्लू.

"चाकोरीत घावलं. मामा ह्यांच्यापायी बसलं व्हतं व्हय?"

"हो."

"मग सांगायचं न्हाई? आमी काय खाल्ली असती?"

त्याने खाली वाकून टोपी पाण्याला टेकवली. पिल्लू दिसेनासं झालं.

"खाल्ली असती," तो म्हणाला.