कुरळ्या केसांचे ठिसूळ दात

पोलादपूरच्या हायस्कुलात प्रयोगशाळेचा शिपाई असलेला श्रीपत तसा गरीब, पण एकदा डोक्यात काही शिरलं की आख्ख्या आळीचं डोकं उठवणार. २००१ साली त्याच्या डोक्यात लेकीचे दात शिरले होते.

त्याच्या घराण्यात जो कुरळा जन्मे, त्याचे दात खडूसारखे ठिसूळ. सरळ केसांचे मात्र म्हातारपणीही दातांनी सुपारी फोडीत. अडीच वर्षांची अनुष्का कुरळी, नि दात आत्ताच झिजू लागलेले. सायन्सच्या बाईंनी त्याला समजावलं होतं, की पोटातल्या बाळाच्या एकाच वरच्या थरातून केसांची मुळंही घडतात आणि दातांवरचं एनॅमलही. एनॅमल घडवणाऱ्या प्रथिनांची गडबड केसांतही दिसत असेल. श्रीपतला तेवढं पुरे झालं.

महाडच्या दातांच्या डॉक्टरांनी मात्र दोनदा एकच ऐकवलं, "चॉकलेट बंद करा."

"साहेब, पण केसांचं—"

"केसांना केसांचा डॉक्टर बघा."

श्रीपत स्वतःही मूळचा कुरळा, पण चाळिशीतच टकला आणि तोंडात कवळी. त्याचा पुरावा कधीच गेलेला. म्हणून त्याने कुरळ्या, अर्धे दात उरलेल्या बहिणीला, मैनाला, बोलावलं. सकाळी महाडच्या दवाखान्यात ती आली ती वाटीभर तेल थापून, चापूनचोपून वेणी घालून. बायकोने, नीलाने, तर अनुष्काचा चक्क गोटा करून आणलेला.

"अगो, हे काय केलंत?"

"डॉक्टरकडं झिंज्या घेऊन जाऊ काय?" मैना फणकारली. "पोलादपुरात फणी मिळत नाय वाटतं म्हणतील!"

"आणि भादरलं की सरळ येतात," नीला म्हणाली.

डॉक्टरांनी दोन्ही डोकी पाहिली. "कुठायत कुरळे?" म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

श्रीपतने मैनाला तडक एस.टी. स्टँडच्या नळावर नेऊन वाकवलं, साबणाची वडी चोळली.

"दादा, लोक बघतात रे!"

"बघूदेत! डॉक्टर तेवढा बघत नाय!"

तोवर दवाखाना बंद. चार वाजेपर्यंत सगळे पायरीवर उन्हात. मैनाच्या डोक्यावर करवंदीची जाळी उभी राहिली.

डॉक्टर आले, थबकले. "ताई, तोंड उघडा बघू."

मैनाने सवयीने तोंडाला पदर लावला.

"मैने, पोरीचे दात जातील गो! उघड!"

डॉक्टरांनी बॅटरी मैनाच्या तोंडात धरली, मग अनुष्काच्या, मग परत मैनाच्या. "हे जन्मापासूनचंच दिसतंय. दाढा झिजायच्या आत मुंबईला न्या, कॅप बसवतील. आधी का नाही सांगितलंत?"