नॉर्मल आलेली शुगर

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी केडगावजवळच्या एका दवाखान्यात नर्स होते. नवा पेशंट आला की त्याचा फॉर्म भरायचं काम माझ्याकडे होतं. वय, गाव, ताप किती दिवसांपासून, बीपी, शुगर, दमा. शेवटचा रकाना घरी गेला की वारला एवढ्यापुरता, तो नंतर भरायचा.

मी तशी फटकळ. लोक खोटंच सांगतात, अशी माझी खात्री होती. आठवडाभर ताप अंगावर काढलेला माणूस "कालपासनं हाय" म्हणायचा. मी त्याच्या बायकोकडे बघायचे, ती मान खाली घालायची आणि मी 'आठ दिवस' लिहायचे.

एका दुपारी कर्जतकडची एक बाई आली. पन्नाशीची असेल. ऑक्सिजन खाली गेलेला, धाप लागलेली. उत्तरं नवरा देत होता.

"शुगर आहे का?"

"न्हाई."

"नक्की?"

"न्हाई वो ताई, खोटं कशाला बोलू?"

मी 'नाही' लिहिलं. गर्दी इतकी की रक्ताचे रिपोर्ट दुसऱ्या दिवशी यायचे. बोटाला टोचून शुगर बघायच्या पट्ट्याही नेमक्या संपलेल्या. स्टेरॉइड मात्र लगेच सुरू झालं. त्यानं शुगर वाढते हे आम्हाला पाठ होतं.

सकाळी रिपोर्ट आला, शुगर पाचशेच्या वर. मी तणतणत बाहेर गेले. नवरा गेटपाशी लिंबाखाली बसला होता. शुगर आधी कधी होती का, असं मी विचारलं.

"हुती की," तो म्हणाला. "पन गोळ्या खाऊन नॉर्मल आली. मंग बंद केल्या. दोन वर्सं झाली."

तो खोटं बोललाच नव्हता. ताप उतरला की गोळी बंद, तसंच हे. आमच्याकडे निम्मी गावं असंच मानतात, माझी आईसुद्धा. मला ठाऊक असून मी विचारलं नाही. स्वतःचाच इतका राग आला की त्याला बोलायचं राहून गेलं. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला "शुगरची गोळी कधी खाल्ली होती का?" असं विचारू लागले. हो म्हणणारे पुष्कळ निघाले.

इन्शुलिननं तिची शुगर खाली आली, पण फुफ्फुसं सावरली नाहीत. सहाव्या दिवशी ती गेली.

कागदांवर सही करायला नवरा टेबलापाशी आला. पेन हातात धरून त्यानं विचारलं, "ताई, मी तवा शुगर हुती म्हनलो असतो, तर वाचली असती का?"

ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही.

"नाही," मी म्हणाले. "काही फरक पडला नसता."

त्यानं मान हलवली आणि सही केली.