अर्धा मग चहा

निवृत्तीनंतर मला एकच पोस्टिंग मिळाली. ठिकाण डार्मश्टाट हे जर्मन शहर, मुदत तीन महिने, हुकूम पत्नीचा. साल २००७, उन्हाळा. आमच्या मुलीला, मुग्धाला, पाचवा महिना लागला होता आणि सुमनला तिच्याजवळ राहायचं होतं. मी सामानासारखा सोबत गेलो. सैन्यात मी व्हेइकल मेकॅनिक होतो, सुभेदार म्हणून बाहेर पडलो. माझ्या बॅगेत विजेचा दाब मोजायचा जुना काट्याचा मीटर आणि स्टीलचा मग पाहून, हे भंगार कशाला म्हणत सुमनने कपाळाला हात लावला. मी दोन्ही वस्तू बाहेर काढल्या नाहीत.

रूटीन लगेच बसलं. पाचला उठणं, सहाला चालणं, सातला पाव घेऊन परत. जावई अमेय इथल्या विद्यापीठात पीएचडी करत होता. मुग्धाची इंजिनिअरची नोकरी दोन तासांवरच्या गेर्लिंगेनला होती. सोमवारी पहाटे ती ऑटोबानने, म्हणजे इथल्या महामार्गाने, निघायची, तिथे खोली घेऊन राहायची आणि गुरुवारी संध्याकाळी परतायची. गाडी म्हणजे एक जुना अमेरिकन पिकअप. मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन सैनिकाकडून अमेयने तो हौसेने घेतला होता.

एका शुक्रवारी मी तिच्याबरोबर त्या पिकअपमधून बाहेर पडलो. गावात गाडी लोण्यासारखी चालली. ऑटोबानवर सपाट रस्त्याला वेग शंभरवर स्थिर झाला आणि गाडीने झटके मारायला सुरुवात केली. मागून कुणीतरी कॉलर धरून खेचतंय आणि सोडतंय, तसं. मागच्या गाडीने हॉर्न दिला. मुग्धाचा एक हात आपसूक पोटावर गेला.

"असं कधीपासून?" मी विचारलं.

"महिना झाला. वेर्कश्टाटमध्ये, इथल्या गॅरेजात, दाखवलं, बाबा. त्यांनी स्कॅनर लावला. बिघाडाचा एकही कोड नाही म्हणाले."

"सोमवारी तू या गाडीने जाणार नाहीस."

"मग कशाने जाऊ? ट्रेन दोनदा बदलायची, तीही बॅगा घेऊन? मी जाणारच आहे."

हट्ट तिने माझ्याकडूनच घेतलाय, त्यामुळे मी वाद घातला नाही. पण मला भीती वाटली होती. तशीच झटके मारणारी एक गाडी मी पूर्वी पाहिली होती.

ती गाडी नायक तुकाराम शेलारची. उत्तर सीमेवरच्या एका उंच सेक्टरमध्ये आम्ही एकत्र होतो. मी तेव्हा हवालदार होतो. शेलार सातारा जिल्ह्यातला, बुटका, कमी बोलणारा, ड्रायव्हर म्हणून पहिल्या नंबरचा. आमच्या वर्कशॉपचा एक दंडक होता. ज्याने गाडी दुरुस्त केली त्यानेच रोड टेस्टला ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. आपलं काम कच्चं असेल तर पहिला धक्का आपल्याला बसावा, हा त्यामागचा विचार. शेलारने त्यात स्वतःची भर घातली होती. डॅशबोर्डवर त्याने तारेचं कडं बसवलं होतं. त्यात चहाचा मग ठेवायचा आणि गाडी पळवायची. चहा सांडला तर गाडी वर्कशॉपला परत. नाही सांडला तर गाडी पास, आणि तो चहा दोघांनी अर्धा अर्धा प्यायचा. माझा चहा नेहमी गार व्हायचा, कारण तो आधी त्याचा अर्धा सावकाश संपवायचा. त्यावरून मी त्याला पुष्कळ शिव्या घातल्या आहेत.

एका पहाटे आमचा सात गाड्यांचा कॉन्व्हॉय रेशन घेऊन वर निघाला. सहावी गाडी शेलारची. सातवी रिकव्हरी व्हेइकल, म्हणजे बंद पडलेली गाडी ओढून आणणारी, तिच्यात मी आणि माझा ड्रायव्हर. रस्त्यात एक उघडं वळण होतं. समोरच्या डोंगरावरून शत्रूला ते स्पष्ट दिसायचं. उजाडायच्या आत ते पार करायचं, ही स्टँडिंग ऑर्डर. वळणाच्या अलीकडे शेलारची गाडी झटके मारू लागली. रेडिओवर त्याचा आवाज आला.

"सिक्स बोल रहा हूँ. गाडी झटके मार रही है. ओव्हर."

"सिक्स, आड में रुको. मेकॅनिक आगे जाए. ओव्हर."

मी धावत गेलो. तिकडे डिझेल बॅरलमधून यायचं, त्यात कचरा आणि पाणी हे ठरलेलंच. फिल्टर घाणीने आणि बर्फाने गच्च झाला होता. मी तो बदलला, लाइनमधली हवा काढली. बोटं बधिर झाली होती, त्यामुळे वेळ लागला. इंजिन लागलं तेव्हा कडा दिसण्याइतकं उजाडलं होतं. दंडकाप्रमाणे मी शेलारच्या शेजारी चढू लागलो, तेवढ्यात रेडिओ बोलला.

"मेकॅनिक अपनी गाडी में. फौरन. ओव्हर."

शेलार थर्मासमधून मगात चहा ओतत होता. त्याने मग कड्यात बसवला.

"जावा उस्ताद," तो म्हणाला. "वर पोचल्यावर अर्धा तुमचा."

गाडी वळणावर गेली. एकही झटका नाही, आवाज एकदम साफ. मला बरं वाटलं, ते आजही आठवतं. पहिला गोळा दरीत पडला. दुसरा गाडीवर.

रिकव्हरी हे माझंच काम होतं. गाडी आणि शेलार, दोघांनाही मीच खाली आणलं. हुकूम बरोबर होता. मी पुढे बसलो असतो आणि मागे काही बिघडलं असतं, तर सगळाच रस्ता अडला असता. हे मला कळतं. ती रिकामी सीट मात्र माझ्या डोळ्यांसमोरून कधी हलली नाही. घरी हे मी कधीच बोललो नव्हतो.

असो. शनिवारी सकाळी मी पिकअपखाली शिरलो आणि थेट फिल्टर बदलला. पहाडातल्या मेकॅनिकला झटका म्हटलं की आधी इंधनच दिसतं. तारेचं कडं करून डॅशबोर्डवर बसवलं, मगात चहा भरला, मुग्धाला दंडक सांगितला. अर्ध्या अर्ध्याचा नियम आणि पहाडातल्या बॅरलच्या डिझेलची गोष्टही सांगितली. शेलारचं नाव तेवढं घेतलं नाही. ऑटोबानवर शंभर गाठल्याबरोबर चहा माझ्या पँटवर सांडला.

"बाबा, इथलं पेट्रोल बॅरलमधून येत नाही," ती हसून म्हणाली. मग तिच्यातली इंजिनिअर जागी झाली. "आणि चढावर मी पाय दाबते तेव्हा झटके येत नाहीत. पेट्रोल कमी पडत असतं तर दाबल्यावर जास्तच आले असते ना?"

"बरोबर. एकशेदहाच्या वर?"

"नाहीत. नव्वदच्या खाली पण नाहीत. फक्त सपाटीला, पाय एका जागी धरला की."

आम्ही परत आलो. तिने बॉनेट उघडलं, मी तिला बसायला स्टूल दिलं. पेडल किती दाबलंय हे गाडीच्या काँप्युटरला सांगणारा एक छोटा सेन्सर असतो. त्याच्या आत एक पट्टी, आणि तिच्यावर घासत फिरणारा काटा. महिनोन् महिने पाय एकाच जागी धरला तर पट्टी तिथेच झिजते. हा विचार तिचा. ते सिद्ध करायला मीटर माझा. अमेयने त्याचा डिजिटल मीटर आणून दिला होता, पण त्यावर आकडे इतके उड्या मारत होते की काही कळेना. मी काट्याचा मीटर जोडला. तिने हाताने थ्रॉटल अगदी हळू उघडलं. काटा संथ चढत गेला, एका जागी खाडकन पडला आणि पुन्हा वर आला.

"पुन्हा," मी म्हणालो.

पुन्हा तिथेच.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" अमेय ओरडला. घरात जाऊन त्याने सुमनलाही बाहेर बोलावून आणलं. काटा पडताना पाहून सुमनने मीटरबद्दलचे आपले शब्द मागे घेतले नाहीत, पण चहा ठेवते म्हणाली.

अमेरिकन छावणीमुळे या गावात अमेरिकन गाड्यांचे सुटे भाग विकणारा एक दुकानदार होता. तो दुपारी बंद करण्याआधी अमेय तिथे पोचला. नवा सेन्सर मुग्धाने स्वतः बसवला. मी फक्त टॉर्च धरला. रविवारी इथे हातोडी उचलली तरी शेजारी खिडकीत येतात, म्हणून काम शनिवारीच संपवलं.

रविवारी सकाळी सातला रोड टेस्ट.

"अहो, तुमचं ब्लड प्रेशर," सुमन म्हणाली. "अमेय बसेल तिच्याजवळ."

"नाही. मी बसणार."

माझा आवाज चढला असावा. अमेयने किल्ली मुग्धाच्या हातात दिली.

इथे स्टिअरिंग डावीकडे. शेजारी बसलेला माणूस उजवीकडे, म्हणजे शेलार बसायचा त्या बाजूला. मी मग काठोकाठ भरून कड्यात ठेवला. ऐंशी. नव्वद. शंभर. मुग्धाने पाय स्थिर धरला. मी चहाकडे बघत होतो. त्यावर बारीक थरथर होती, बाकी काही नाही. एकशेपाच. एक गाडी आमच्या मागे आली, रांगेत राहिली, हॉर्न वाजला नाही. दहा किलोमीटर झाले, वीस झाले. चहा सांडला नाही.

पुढच्या रास्टप्लाट्झवर, म्हणजे महामार्गालगतच्या थांब्यावर, तिने गाडी उभी केली. इंजिन बंद केलं. चहाचा मग उचलला आणि प्यायला लागली. सावकाश, घोट घोट. मी वाट बघत बसलो. नंतर तिने मग माझ्यापुढे धरला.

"घ्या बाबा. अर्धा तुमचा."

मला तो हातात घेता येईना. हात वर आलाच नाही. ती घाबरली. छातीत दुखतंय का, विचारू लागली. मी नाही म्हणालो, आणि मग तिला सगळं सांगितलं. वळण, फिल्टर, रेडिओ, सीट.  शेवटी तिने एवढंच विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

"नायक तुकाराम शेलार."

तिने ते नाव माझ्यामागून एकदा मोठ्याने म्हटलं. आणि चहाचा मग पुन्हा पुढे धरला. मी घेतला. चहा गार झाला होता. मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.